फुजैराचे सभापती

आयुष्यात एकदाही मत न दिलेला आणि तरीही दर शुक्रवारी आपल्या हॉलमध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटचं अधिवेशन भरवणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. सगळी बिल्डिंग त्यांना सभापती म्हणायची. मी तोंडावर काका म्हणायचे, पाठीमागे मीसुद्धा सभापतीच.

अमिरातीतल्या या फुजैराच्या बंदरात ते बंकर सर्व्हेयर होते. जहाजात इंधन भरलं की टाकीत टेप सोडून खरंच किती भरलं ते मोजायचं, हे त्यांचं काम. दोन्ही बाजूचे लोक आपापला आकडा ओरडून सांगत असायचे आणि हे मधे टेप पुसत शांत उभे. "वरून ओरडून टाकीत किती आहे ते कळत नाही. आधी टेप सोडा, मग बोला." हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. माझ्या नवऱ्याच्या प्रमोशनवर तेच, आमच्या इराच्या मार्कांवर तेच आणि माझ्या वरणातल्या मिठावरही तेच. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "प्रस्ताव सभागृहासमोर आलाच नाही, वहिनी."

कोकणात गुहागरच्या बाजूचं गाव. दहावीनंतर बोटीवर गेले ते गेलेच. निवडणूक आली की हे कुठल्या तरी समुद्रात. नंतर इथे आले, इथे तर आपल्याला मत असण्याचा प्रश्नच नाही. मला वाटतं म्हणूनच त्यांना पार्लमेंटचं एवढं कौतुक होतं. टीव्हीवर लंडनचं कामकाज लागलं की इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. घरात! एकटे!

त्या वर्षांत तिकडे एकच विषय होता. युरोपच्या संघातून बाहेर पडायचं हे लोकांनी मत देऊन ठरवलं होतं, पण कसं पडायचं यावरून सगळा देश भांडत होता. करार करून, थोडा येण्याजाण्याचा रस्ता ठेवून निघायचं, की एक दिवस दार ओढून घेऊन सरळ चालू पडायचं? आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा फाटक बसवायचं की नाही? ठराव यायचा, आपटायचा, तारीख पुढे जायची. आमच्या सभापतींना या सगळ्यात सण आल्यासारखा आनंद.

शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे पोहे असायचे आणि पोह्यांमागून अधिवेशन. समोरासमोर दोन सोफे. एसीकडच्या सोफ्यावर डीलवाले, बाल्कनीकडच्या उन्हात नो-डीलवाले. "ऊन लागतंय? नो-डील म्हणजे कष्टच असतात. सवय करा!" मधे एक पालथं पातेलं, त्यावर लाटण्याने ठोकायचे, "ऑर्डर! ऑर्डर!" कोण बसायचं? माझा नवरा, खालच्या ग्रोसरीचा मल्याळी मालक आणि संगमेश्वरचा एक वेल्डर. तो बिचारा एकदा म्हणाला, "काका, हितं माझी कंपनी मला दुसरीकडं जायला रिलीज देईना नि तुम्ही इंग्लंडला रिलीज देताय होय?" सभापतींनी पातेलं ठोकलं आणि म्हणाले, "मुद्दा रास्त आहे. माननीय सदस्यांना पोहे वाढा."

नियम दोनच होते. पहिला, हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही. सभापती स्वतःहून कुणाला बोल म्हणणार नाहीत, ज्याला बोलायचंय त्याने हात वर करावा. दुसरा, जो फार तावातावाने बोलेल त्याला सभागृहाबाहेर काढायचं. बाहेर काढलेला माणूस खाली ग्रोसरीत जायचा, दही नाहीतर मिरच्या घेऊन परत वर यायचा आणि सन्मानाने आपल्या जागी बसायचा. माझा नवरा इतक्या वेळा बाहेर गेलाय की आमच्याकडे दह्याला कधी तोटा पडला नाही.

कंटाळायची फक्त आमची इरा. तेव्हा लहान होती. "काका, धिस इज सो बोअरिंग. कॅन वी गो टू ओमान नाऊ?"

"यल्ला, चला!" की सभागृह बरखास्त.

ओमान म्हणजे मदहा. फुजैराहून खोरफक्कानच्या रस्त्याने निघालं, समुद्रात नांगर टाकून उभ्या टँकरांची रांग उजव्या हाताला सोडली आणि डावीकडे डोंगरात वळलं, की थोड्याच वेळात एक ओमानचं गाव लागतं. चारही बाजूंना अमिरात आणि मधे हा ओमानचा तुकडा. गंमत म्हणजे फाटक नाही, पोलीस नाही, पासपोर्ट बघायला कुणी नाही. झेंडे बदलतात, पाट्या बदलतात आणि खिशातला फोन टुण्ण करतो: ओमानमध्ये आपलं स्वागत आहे. बस. अजून आत गेलात तर त्या ओमानच्या पोटात पुन्हा अमिरातीचं एक गाव, फोन पुन्हा टुण्ण.

काका शर्टाच्या खिशात पासपोर्ट घेऊनच यायचे. फोन वाजला की तो काढायचे, रस्त्यावरच्या बकरीला दाखवायचे आणि परत ठेवायचे. इरा हसून हसून लोळायची. मग एका टपरीवर करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा. पैसे दिरहममध्ये दिले की सुटे कधी कधी ओमानी नाण्यांत यायचे, ती सगळी इराची. "एक दिरहमचा चहा, म्हणजे एकोणीस रुपये. दोन देशांत बसून प्यायला मिळतोय, महाग नाही," असं दर वेळी म्हणायचे. आणि मग डोंगराकडे हात करून, "बघा वहिनी. देश वेगळा, राजा वेगळा, कायदा वेगळा. पण म्हातारीला खजूर विकायला पलीकडे जायचंय तर ती जाते. आयर्लंडला हेच तर पाहिजे. हे लंडनवाले इथे येऊन एक चहा का पीत नाहीत?"

एकदा तिथेच त्यांनी मला खिडकीचं सांगितलं.

त्यांचे वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली. चुली वेगळ्या, दारं वेगळी. पण त्यांच्या आईने गवंड्याला सांगून स्वयंपाकघराच्या भिंतीत एक खिडकी ठेवून घेतली, परातीएवढी. त्यातून वाटी जायची, वाटी यायची. इकडची आमसुलाची आमटी तिकडे, तिकडचं कुळथाचं पिठलं इकडे. "भांडणं काय, व्हायची. पण वाटी कधी थांबली नाही. वेगळं व्हायचंच असेल तर असं व्हावं." एरवी तोंडात सारखं माननीय अमुक नि माननीय तमुक, पण हे सांगताना त्यांचा आवाज साधा झाला होता. आई-वडील केव्हाच गेले होते. घर बंद होतं, पलीकडे चुलतभावाचा संसार. रिटायर झाल्यावर त्या घरात जायचं आणि धाकट्या भावालाही तिथे बोलवायचं, दोघांनी मिळून राहायचं, एवढं एकच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. दुसरं काही मागताना मी त्यांना ऐकलं नाही.

धाकटा भाऊ म्हणजे बाळ. साठीला आलेला, पण बाळच. इंग्लंडात लेस्टरला त्याचं औषधांचं दुकान, तिथलंच नागरिकत्व. दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन यायचा आणि तो फोन म्हणजे अधिवेशनाचा दुसरा भाग. बाळकाका पक्के नो-डीलवाले. खाली आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं, "अरे बाळ्या, तू स्वतः बाहेरून तिथे गेलास आणि दार बंद करा म्हणतोस?" तिकडून काय उत्तर यायचं कळत नसे, पण मग काका खो-खो हसायचे. त्या हसण्यावर आमचा शुक्रवार संपायचा.

मग एकोणीस साली बाळकाका स्वतः आले. भारतात जायचे होते, वाटेत दोन दिवस फुजैरा. काकांचा उत्साह काय सांगू! पडदे धुतले, माझ्याकडून आमसुलं नेली, आईच्या पद्धतीची आमटी केली. जिन्यात भेटतील तेव्हा सांगायचे, "शुक्रवारी अधिवेशन, आणि संध्याकाळी त्याला मदहाला नेणार. मी एवढी वर्षं बोलून जे समजलं नाही ना वहिनी, ते त्याला तिथे गाडीत बसल्याबसल्या समजेल."

अधिवेशन झकास सुरू झालं. बाळकाका उंच, गोरे, बोलायला काकांसारखेच फर्डे. हात वर करून परवानगी घेतली आणि म्हणाले, "मी तिथे तीस वर्षं टॅक्स भरतोय. माझ्या दुकानाचे नियम दुसऱ्या देशात बसलेल्या, मी न निवडलेल्या माणसाने का लिहायचे? निघायचं म्हणजे निघायचं. अर्धा पाय आत ठेवून कुणी घर सोडतं का?" ग्रोसरीच्या मालकाने टाळ्या वाजवल्या. सभापती खूश. मग त्यांनी ठेवणीतली खिडकी काढली. "सभागृहाला मी एका घराचं उदाहरण देतो," वगैरे. वाटी, आमटी, पिठलं, सगळं.

बाळकाकांचा चेहरा बदलला. हात वर न करताच ते बोलायला लागले.

"दादा, तुला ती खिडकी आठवते कारण तू बोटीवर होतास. सुट्टीत यायचास, आमटी खायचास, जायचास. मी त्या घरात होतो. काकू खिडकीशी पाट टाकून बसायची. आज काय शिजलं, कोण आलं, तेल किती ओतलं. आईने जोरात फोडणी दिली तरी पलीकडून टोमणा. आई पदर तोंडात धरून रडायची रे, आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. आमटी कमी आणि टोमणे जास्त यायचे त्या खिडकीतून."

"माननीय सदस्य विषय सोडून बोलतायत," सभापती म्हणाले. पण हसत नव्हते.

"विषयावरच बोलतोय. वेगळं झालं तरी पलीकडच्याचंच राज्य, असली ती खिडकी. आणि तू मला सारखा म्हणतोस, घरी ये, दोघं राहू. येतो ना! ती खिडकी विटा लावून बंद कर, मी येतो. तुला डील पाहिजे ना? हे माझं डील."

काकांनी लाटणं पातेल्यावर आपटलं.

"खिडकी बंद होणार नाही! माननीय सदस्यांनी सभागृहाचा अवमान केलाय. त्यांनी बाहेर जावं!"

आणि आम्ही हसलो. होय, हसलो, कारण आमच्यासाठी तो खेळच होता. वातावरण तंग झालं म्हणजे काका असंच सोडवतात, आता बाळकाका खाली जातील, दही घेऊन येतील, असं आम्हाला वाटलं. माझ्या नवऱ्याने तर ओरडून सांगितलं, "मिरच्यापण आणा!" पण बाळकाकांना आमची ती पद्धत कुठे माहीत होती? त्यांना एवढंच दिसलं, की आईचं दुःख सांगितल्यावर सख्ख्या भावाने परक्या माणसांसमोर घराबाहेर काढलं आणि सगळे हसले. ते उठले, आतून बॅग घेतली, चपला घातल्या. काका जागेवरून उठले नाहीत. त्यांनाही वाटत होतं, दही घेऊन येईल.

माझा नवरा खाली धावला तोवर दुबईची टॅक्सी वळली होती.

"येईल," काका म्हणाले. "बाहेर काढलेला सदस्य पुढच्या बैठकीला येतोच." संध्याकाळी मदहाला कुणी गेलं नाही. आमटी त्यांनी वाटीत घालून मला आणून दिली आणि वर गेले.

त्यानंतर शुक्रवारचा फोन बंद झाला. दुपारी काका फोन टेबलावर उताणा ठेवून बसायचे. महिने गेले. मला राहवेना. म्हटलं, "काका, तुम्हीच करा ना फोन. मोठे आहात."

"सभापती स्वतःहून बोलत नाही, वहिनी. त्याला बोलायचं असेल तर तो हात वर करेल."

"चुलीत घाला तुमचं ते सभापतीपद!" मी खरंच ओरडले. "भाऊ आहे तो तुमचा, लेस्टरचा खासदार नाही!"

ते हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. नंतर कळलं, तिकडे बाळकाकाही फोन हातात घेऊन बसायचे आणि म्हणायचे, ज्याने बाहेर काढलं त्याने आत बोलवावं. दोघं एकाच आईचे, काय बोलायचं!

पुढच्या जानेवारीत इंग्लंड एकदाचं बाहेर पडलं. त्या शुक्रवारी मी वर गेले तर काकांनी पातेलं सुलटं करून त्यात भात लावला होता. "खलास," म्हणाले. "गेले." पार्लमेंट पुन्हा त्यांच्याकडे लागलं नाही. मग साथ आली, सगळेच घरात बसले, आणि ती ओसरता ओसरता त्यांच्या कंपनीने वयाचं कारण सांगून निरोप दिला. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की आपण. एवढी वर्षं काढून माणूस दोन बॅगांत मावतो, हे पाहताना मला दर वेळी भडभडून येतं. काकांच्या वेळी तर मी जिन्यातच रडले.

एअरपोर्टला निघताना त्यांनी गाडी मदहाकडून घ्यायला लावली. फोन वाजला. पासपोर्ट काढला नाही त्यांनी. बाहेर बघत म्हणाले, "बाळला दाखवायचं राहिलं." उतरताना लाटणं माझ्या हातात दिलं. माझ्या पोळ्या आजही त्याच लाटण्याच्या.

गावाहून मेसेज यायचे. आंब्याला मोहर आला, पंप बिघडला. एकदा नुसता एक फोटो आला. पांढरी भिंत. वर नाही, खाली नाही, एक अक्षर नाही. मला वाटलं, दिवाळीची रंगसफेदी केली असेल. मी लिहिलं, छान दिसतेय. त्यांनी उत्तरात हात जोडले.

दुसऱ्या पावसाळ्यात ते गेले. सकाळी चहा घेऊन पडवीत बसले होते, तसेच गेले. चुलतभावाने कळवलं. मी त्या दिवशी ऑफिसात बसून काय टाइप केलं मला ठाऊक नाही.

आणि महिन्याभराने मला बाळकाकांचा फोन आला. गावाहून परत निघाले होते, दुबईत विमान बदलायचं होतं, मधे एक दिवस होता. म्हणाले, "त्या दिवशी संध्याकाळी दादा मला कुठेतरी नेणार होता. ते मला दाखवशील का?"

आता इथे सुट्टी शनिवार-रविवारची झालीय, शुक्रवार नुसता अर्धा असतो. मी रजा टाकली. खोरफक्कानच्या रस्त्याने निघालो. डावीकडे वळलो, डोंगर आले, झेंडे बदलले, आणि त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी मेसेज वाचला, मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

"गेट कुठेय?"

"नाहीये."

"एवढंच?"

"एवढंच, बाळकाका."

त्याच टपरीवर चहा घेतला. तिथे त्यांनी मला सांगितलं. दिवसकार्याला घरी पोचले, स्वयंपाकघरात गेले, आणि खिडकी नव्हती. विटा लावून, गिलावा करून, वर चुना. चुलतवहिनी म्हणाली, दादाभावजी आले त्याच महिन्यात गवंडी लावून बंद केली. आम्ही म्हटलं कशाला, तर म्हणाले, धाकट्याला त्रास होतो तिचा, तो यायचाय. आणि मग आमटीची वाटी घेऊन स्वतः अंगणातून वळसा घालून पलीकडे द्यायला यायचे, पाऊस असला तरी.

"मला फोटो पाठवला होता त्याने," बाळकाका म्हणाले. "नुसती पांढरी भिंत. मला वाटलं चुकून हात लागून आला. मी दुकानात होतो, गिऱ्हाईक होतं समोर. मी पुसून टाकला तो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"इंग्लंडचं माझं मत आजही तेच आहे. त्यात मी चुकलो असं मला वाटत नाही. आईचंही जे सांगितलं ते खरंच आहे. पण त्याने ती बंद करावी असं नव्हतं गं मला पाहिजे. मला फक्त त्याने ऐकून घ्यायला पाहिजे होतं."

असं म्हणून त्यांनी हात वर केला. टपरीवाल्याला वाटलं, अजून चहा हवाय. त्याने दोन कप आणून ठेवले आणि गेला. हात वरच होता. साठी उलटलेला माणूस, शाळेतल्या मुलासारखा हात वर करून बसलेला, समोर मदहाचा डोंगर.

मग माझ्या लक्षात आलं. मी चमचा उचलला आणि बशीवर ठोकला. पुन्हा ठोकला.

"माननीय सदस्यांना बोलायची परवानगी आहे."

बाळकाकांनी हात खाली घेतला.

"दादा," ते म्हणाले, "खिडकी राहू दे."